तुझ्या पुस्तकात मी वाढवलेलं पान

पॅटरसन, न्यू जर्सी
रविवार, संध्याकाळ

प्रिय यान्ना आजी,

तू गेलीस त्याला आज सात आठवडे झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की जे लिहायलाच हवं ते सोडून बाकी सगळं सुचायचं. मधे पुण्याहून तुझ्या पुस्तकाची प्रुफं येऊन गेली आणि आता मला पळायला जागा उरलेली नाही.

मराठीत लिहिते आहे. तुला मराठी येत नव्हतं हे मला आठवतं आहे! पण आपण आयुष्यभर इंग्रजीत बोललो, आणि इंग्रजीत मला सफाईदार कारणं फार पटकन सुचतात. आज ती नको आहेत.

एका गोष्टीबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले, आजी. ती सांगायची आहे. पण तुझ्यासारखं पहिल्या ओळीत मुद्द्यावर येणं मला अजून जमत नाही, थोडं लांबून येते.

तुला आठवतं, मी तुला पहिल्यांदा कुठे भेटले? आम्हाला इचलकरंजीहून इथे येऊन दोनच महिने झाले होते. बाबांना इथल्या कापड गिरणीत फिटरचं काम लागलं होतं आणि माझी नर्स असलेली आत्या दर शनिवारी मला लायब्ररीत सोडून ड्यूटीवर जायची. मी बारा वर्षांची. इंग्रजी वाचता यायचं, पण कुणी बोललं की काही कळायचं नाही. तिथे गालिच्यावर मुलं बसली होती आणि राखाडी स्वेटर घातलेली एक उंच बाई टाइप केलेल्या कागदांवरून गोष्ट वाचत होती. मधेच थांबून पेन्सिलीनं काहीतरी खोडत होती. मला वाटलं, मास्तरीणबाई पेपर तपासताहेत!

ती तुझी काम करायची पद्धत होती हे मला खूप उशिरा कळलं. तू मुलांच्या तोंडाकडे बघायचीच नाहीस. "तोंडं सभ्य असतात," तू म्हणायचीस. "मी पाय बघते. पाय हलायला लागले की ती ओळ वाईट." नऊ पुस्तकं तू अशी लिहिलीस, मुलांच्या बुटांकडे बघून. आणि माझ्यापाशी अडलीस. आमच्या शाळेत पाय हलवला की पट्टी बसायची, त्यामुळे मी पुतळ्यासारखी बसायचे. तिसऱ्या शनिवारी तू माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "बाळ, तुझे पाय मला काहीच सांगत नाहीत. आता तुला तोंडानं सांगावं लागेल."

मी सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की ते बदक पोस्टमनच्या पिशवीत बसतं ते आवडलं, पण नंतर ते फार बोलतं. तू हसलीस आणि बदकाची अख्खी दीड पानं खोडलीस. माझ्या सांगण्यावरून! घरी आमचं म्हणणं कुणी विचारायचं नाही, आणि इथे छापल्या जाणाऱ्या एका पुस्तकातलं बदक मी गप्प केलं होतं. मी शिक्षक झाले ती त्या दिवशी झाले, कॉलेजनं नंतर फक्त कागद दिला.

आईला तू कळायला वेळ लागला, ते तुला माहीत होतं का? पहिल्यांदा तुझ्या घरी आलो तेव्हा तू कॉफी दिलीस, बिस्किटांचा डबा पुढे केलास, आम्ही एकेक घेतलं, आणि तू खट्कन झाकण लावून डबा कपाटात ठेवलास. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाहेर पडल्यावर ती आत्याला म्हणाली, "एकच? आणि वर डबा आत? अगं, आपल्याकडे पोस्टमनला यापेक्षा जास्त देतात!" पुढच्या वेळी तिनं मुद्दाम शंकरपाळ्यांचा मोठा डबा आणला. तू एक शंकरपाळी उचललीस, "फार छान," म्हणालीस, आणि झाकण लावून डबा तिच्या हातात परत दिलास! पण मग तूच सांगितलंस की तुमच्या देशात असंच करतात, एक कप, एक बिस्कीट. आणि आईनं "असेल बाई," म्हणून विषय सोडला.

वाढदिवसांच्या कॅलेंडरचं मात्र तिनं सोडलं नाही. तुझ्या बाथरूममध्ये कमोडसमोरच्या भिंतीवर ते टांगलेलं असायचं, त्यात सगळ्या ओळखीच्यांची नावं. आई आत गेली आणि तशीच बाहेर आली. "रेखा, माझं नाव संडासात लिहिलंय हिनं!" मी तुला ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा तू गंभीरपणे म्हणालीस, "तिला सांग, रोज नक्की बघितली जाईल अशी घरातली ती एकच भिंत आहे." आणि खरंच, त्यानंतर एकही वर्ष तू आईचा वाढदिवस चुकवला नाहीस. बाबा मात्र दोनदा विसरले.

नुसतं "यान्ना" म्हण, असं तू मला शंभरदा सांगितलंस. आई म्हणाली, "वयाला काही मान?" म्हणून मी "आजी" जोडलं. तुला त्याचा अर्थ सांगितल्यावर नुसत्या "यान्ना"चं तू पुन्हा नाव काढलं नाहीस.

तुझ्याबद्दल मला जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. अ‍ॅमस्टरडॅमजवळचं गाव, वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. युद्ध संपल्यावर शाळेत शिकवणं, मग लग्न, मग डिर्कबरोबर बोटीनं इकडे. तो इथे ग्रीनहाउसमध्ये फुलझाडं वाढवायचा आणि तू सकाळी बेकरीच्या काउंटरवर उभी राहायचीस. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचीस, आधी डचमध्ये, मग स्वतःच इंग्रजीत. दोनदा कशाला, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "डच माझी भुकेची भाषा आहे. इंग्रजी मी पोट भरल्यावर शिकले." बदकाची पुस्तकं शाळाशाळांत गेली. मुलांची पत्रं यायची, प्रत्येकाला तू पोस्टकार्डावर उत्तर लिहायचीस, आणि ज्या मुलानं "मला पुस्तक आवडलं नाही" असं लिहिलं असेल त्याला सगळ्यात मोठं.

आणि चौऱ्याऐंशी सालचा तो मे महिना! आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. तू रेनकोट घालून आलीस आणि तुमच्याकडच्या रीतीनं, माझ्याकडे न येता आधी आईचा हात हातात घेतलास, "अभिनंदन, तुमच्या मुलीबद्दल." मग आत्याला, "अभिनंदन, तुमच्या भाचीबद्दल." मग बाबांना. बाबा गोंधळून मला मराठीत म्हणाले, "अगं, मी काय केलं? मी तर नववी नापास!" मी तुला ते सांगितलं. तू त्यांचा हात सोडलाच नाहीस. "विचार यांना, मग ही मुलगी कुणी वाढवली?" बाबांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मी त्यांना तसं करताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते, आजी. आता आणखी लांबवत नाही.

मी दुसरीच्या वर्गाला शिकवायला लागले आणि रविवारी पार्सिपनीला एका डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये आपल्या मराठी मुलांचा वर्ग सुरू केला. सोळा मुलं. मराठीत विचारावं तर उत्तर इंग्रजीत! त्यांना वाचून दाखवायला नवं काहीतरी हवं म्हणून तुझं एक पुस्तक मराठीत करू का, असं मी विचारलं. वाटलं, तू बदक देशील. तू आत गेलीस आणि इंग्रजीत टाइप केलेली एक वही आणून दिलीस. "हे कर. हे डचमध्ये छापलंय, इंग्रजीत अजून नाही." का नाही ते तू सांगितलं नाहीस. आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ना?

ती गोष्ट मी एका दमात वाचली. युद्धाचा शेवटचा हिवाळा, शहरात खायला काही नाही. चौदा वर्षांची लीस आईची भरतकामाची चादर घेऊन, टायर नसलेली सायकल ढकलत, दोन दिवस चालत लांबच्या शेतावर जाते. शेतकरीण चादर घेते आणि बदल्यात थोडे बटाटे देते, शिवाय फडक्यात बांधलेला चीजचा एक तुकडा. येताना लीस त्यातला एक घास खाते. मग अजून एक. मग फडकंच उरतं. ती ते फडकं ओढ्याच्या पाण्यात धुते, वास येऊ नये म्हणून. घरी म्हणते, "बटाटेच मिळाले." आई बटाटे उकडते, धाकट्या बहिणीचा वाटा काढते, आणि सगळ्यात मोठा बटाटा लीसच्या ताटलीत ठेवते. "तू एवढं चालून आलीस." लीस तो खाते.

संपलं. पुढे एक ओळ नाही.

मी आईला भाषांतर वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. "मग सांगत नाही आईला? असली कसली मुलगी!" म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. वाटलं, माझ्या सोळा मुलांना मी हे कसं देऊ? मी कॉलेजात शिकून आले होते, मुलांना काय द्यावं यावर माझे निबंध होते, त्यांवर चांगले शेरे होते! मी एक पान लिहिलं. लीसला झोप लागत नाही, ती उठून आईला सगळं सांगते, आई तिला जवळ घेते, माफ करते, आणि म्हणते की खरं बोलणारं मन चीजपेक्षा मोठं असतं. माझ्या मते फार सुंदर पान होतं ते. तुला मी सांगितलं नाही.

जानेवारीतला तो दिवस तुला आठवत असेलच. तू तेव्हा आजारी होतीस, खुर्चीवर ब्लँकेट घेऊन बसायचीस. "तुझ्या भाषेत वाच," म्हणालीस. "मला नुसतं ऐकू दे." तू मांडीवर डच पुस्तक उघडलंस आणि मी वाचेन तसतसं तुझं बोट ओळींवरून सरकत होतं. शब्द एक कळत नव्हता, पण लीस, आई, चीज एवढ्यावरून तुला कळत होतं आपण कुठे आहोत. तुझं बोट शेवटच्या ओळीपाशी पोचलं. थांबलं. तू पुस्तक मिटलंस.

आणि मी वाचतच होते.

माझं संपेपर्यंत तू थांबलीस. "पुढे अजून होतं?" तू विचारलंस. सहज, आवाज न चढवता.

"मराठीत वाक्यं लांब होतात," मी म्हणाले.

तू खिडकीबाहेर बघितलंस. "हो का? सुंदर भाषा आहे," म्हणालीस. मग ब्लँकेट बाजूला सारून उठलीस, कपाट उघडलंस, बंद केलेला डबा परत काढलास आणि मला दुसरं बिस्कीट दिलंस. बारा वर्षांत तू कधी कुणाला दुसरं बिस्कीट दिलं नव्हतंस! आणि मी ते खाल्लं.

तुला कळलं होतं का, आजी? कळलं होतं तर बोलली का नाहीस? मला रागवायचं होतंस. तू बदकाला रागवायचीस, संपादकांना रागवायचीस, माझ्यावर एकदा तरी ओरडली असतीस तर मी तिथेच सगळं सांगून टाकलं असतं. आणि कळलं नसेल, तर तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस, ते मला जास्त टोचतं.

तुझ्या अंत्यविधीनंतर सगळे तुझ्या घरी जमले होते. तुझी मुलगी एल्स मला भांड्यांच्या कपाटापाशी घेऊन गेली, तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "ते पुस्तक तू घेतलंस म्हणून ममा किती खूश होती, तुला माहीत नाही. न्यूयॉर्कचे लोक तिला म्हणत होते, फक्त एक पान वाढवा, मुलीला कबूल करू द्या, उद्या छापतो. ती अकरा वर्षं नाही म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, रेखानं ते जसंच्या तसं केलंय."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. एल्सला वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे.

मग ती म्हणाली, "तुला तर माहीतच असेल, लीस म्हणजे ममाच. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती आजी गेल्यावर पुस्तक लिहिलं."

मला माहीत नव्हतं! तू मला का सांगितलं नाहीस? की सांगितलं असतंस तर मी नुसत्या दयेपोटी पान काढलं असतं, म्हणून? हे मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. तेवढी तक्रार राहू दे.

तीन आठवड्यांपूर्वी प्रुफं आली. पुण्याचे प्रकाशक देसाई सर मुलीच्या बाळंतपणासाठी इकडे आले होते तेव्हा हस्तलिखित घेऊन गेले होते. सोबत पत्र: "शेवटचं पान अप्रतिम. खरं सांगतो, त्या पानासाठीच पुस्तक छापतो आहे." मी पाच दिवस ते पाकीट कपड्यांच्या कप्प्यात ठेवलं. सहाव्या दिवशी आईला सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल, लीसबद्दल, बिस्किटाबद्दलही.

आईनं कणीक मळून झाकून ठेवली. मग म्हणाली, "तिच्या आईनं तिला माफ केलं की नाही, ते त्या दोघींनाच ठाऊक. तू कोण गं माफ करणारी?"

एवढं शिकून मला हे सुचलं नव्हतं, आजी.

मी पुण्याला फोन लावला. परदेशातून फोन म्हटल्यावर सर घाबरलेच. "हॅलो! रेखा? घरी सगळं ठीक ना? कोण गेलं?" मी म्हणाले, सगळं ठीक आहे, शेवटचं पान काढायचं आहे, ते मूळ पुस्तकात नाही, मी घुसवलं आहे.

"अगं, पण मग ती पोरगी खोटं बोलून सुटली असं होईल!"

"सुटली नाही, सर."

"कुठे लिहिलंय तसं?"

"कुठेच नाही. बाईंनी लिहिलं नाही, म्हणून मीही लिहिणार नाही."

सर चिडले नाहीत, ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "हे बघ, पालक मला फाडून खातील. ते पान नसेल तर मला जमायचं नाही. तू तरुण आहेस, विचार कर. पहिलं पुस्तक आहे तुझं."

"माझं नाहीये ते, सर," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानावर आडवी रेघ मारून प्रुफं परत पाठवली. म्हणजे पुस्तक निघत नाहीये, आजी. निदान पुण्याहून तरी नाही. तुझं पुस्तक दुसऱ्यांदा अडलं, आणि या वेळी ते माझ्यामुळे. त्यांना सुरुवातीलाच खरं पुस्तक दिलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, ते आता कधीच कळणार नाही. त्याची माफी मागते.

आज पार्सिपनीच्या वर्गात मी गोष्ट वाचली, तू लिहिलीस तेवढीच. "लीस तो खाते," म्हणाले आणि कागद खाली ठेवले. मग एकच गलका. "ताई, दॅट्स इट?" "डिड शी टेल हर मॉम?" "ताई, नो फेअर!" एकीकडे भांडण, की सांगायला हवं होतं, दुसरीकडे की आई रडली असती. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, पण वर्षभरात एवढं मराठी मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला विचारत राहिले, मी म्हणाले, मला माहीत नाही. ते खरं होतं.

मग वर काकूंनी इडल्यांसाठी हाक मारली आणि सगळी धावत जिना चढून गेली. एक राहिली. आठ वर्षांची आहे, वर्गात कधी तोंड उघडत नाही. चटई गुंडाळायला मला मदत करायचं नाटक करत होती. मग खाली बघत म्हणाली, "ताई, मी पण एक... आय डिड समथिंग. आईला नाही सांगितलं."

माझ्या ओठावर आलंच होतं, "मग जा आणि सांग." शेवटचं पान, तयारच होतं बघ! मी ते गिळलं. चटईवर बसले आणि म्हणाले, "तुला मला सांगायचंय का?"

तिनं मान डोलावली. आणि सांगितलं. बराच वेळ लागला, मधे मधे रडली. मी मधे बोलले नाही. सांगून झाल्यावर तिनं बाहीनं नाक पुसलं आणि वर इडली खायला गेली.

तिनं काय सांगितलं ते मी तुलासुद्धा लिहिणार नाही, आजी. आणि वचन देते, तुझी लीस मी जिथे जिथे वाचीन तिथे ताटलीतल्या त्या बटाट्यापाशी थांबेन, पुढे कुणी काही विचारलं तरी.

तुझी,
रेखा